दादाच्या नावावर माझी बरगडी

जाहीर नोटीस. तमाम लोकांस कळविण्यात येते की, माझ्या छातीत उजव्या बाजूला एक मोडून सांधलेली बरगडी असून ती माझ्या एकट्याच्या मालकी-वहिवाटीची आहे. सदर बरगडी मध्यंतरी काही दिवस माझ्या थोरल्या भावाच्या नावावर चढली होती. ती नोंद आता रद्द झालेली आहे. सदर बरगडीवर अन्य कोणाचाही हक्क, हितसंबंध, वारसा अथवा बोजा नाही.

शेवटचा शब्द मी नोटिशीची रीत म्हणून लिहिला. बोजा होता. तो कोणाच्या छातीवर होता, हे मला फार उशिरा कळलं.

आमचं गाव रनाळ्याच्या पुढे. दादा आणि मी शेजारी शेजारी राहतो. मधे एक भिंत आणि भिंतीला एक खिडकी. त्या खिडकीतून वहिनीची भाजी इकडे येते आणि माझ्या गप्पा तिकडे जातात. दादा साठीच्या पलीकडे, मी पन्नाशीच्या. दोघंही कापूस आणि मिरची करतो. शिवाय गावात लग्न असो, कीर्तन असो, सत्कार असो की मयताची शोकसभा, माईक माझ्याच हातात असतो. मला नकला येतात. सरपंचाची येते, तलाठ्याची येते, बैलाला शिव्या देणाऱ्या माणसाची येते आणि शिव्या खाणाऱ्या बैलाचीही येते. दादाची नक्कल तर मी शाळेत असल्यापासून करतो. तोच माझा पहिला खेळ, आणि त्या खेळानेच ही बरगडी मोडली.

तेही सांगून टाकतो. मला नुकतं मिसरूड फुटत होतं. दादाला मुली बघायला सुरुवात झाली होती. कापसाने भरलेल्या बैलगाडीच्या ढिगावर मी उभा, दादा मागे बसलेला, आणि रस्त्याने बाया-पोरी शेतातून परत येत होत्या. असे प्रेक्षक मिळाल्यावर मी गप्प बसेन? मुलीच्या घरी पोहे खाताना दादा कसा लाजतो, कसा अडखळतो, मुलीचं नाव विचारायचं सोडून तिच्या बापाला पावसापाण्याचं कसं विचारतो, ते मी करून दाखवलं. बाया हसून हसून वाकल्या. तेवढ्यात गाडीचं चाक चाकोरीत गेलं, मोठा हिसका बसला आणि मी थेट खाली, दगडावर. दादाने मला पाठीवर घेऊन गावापर्यंत पळत आणलं. बरगडी सांधली, पण वाकडी. अजून बोट फिरवलं की गाठ लागते.

त्यानंतर दादाने माझ्यावर कधी हात उगारला नाही. दुधावरची साय माझ्या वाटीत पडू लागली. माझ्या वाटचं पाणी भरणं, माझ्या वाटचं निंदणं तो न बोलता करून टाकायचा. मला वाटायचं, हा माझ्या कलागुणांचा मान आहे. कलावंत माणसाला असं वाटायला फार वेळ लागत नाही.

आता यंदाच्या हिवाळ्याकडे येतो.

आमच्याकडे मिरचीच्या दिवसांत सगळेच खोकतात. पथारीवर लाल मिरची पसरलेली असते, वारं सुटलं की ठसका अख्ख्या गावात फिरतो. त्यामुळे दादा खोकायला लागला तेव्हा कोणी मान वर करून बघितलं नाही. मग मिरची वाळली, पोती भरली, बाजारात गेली. पथारीवर कुत्री झोपू लागली. दादाचा ठसका मात्र राहिला. सदरा खांद्यावरून घसरायला लागला.

वहिनी म्हणायची, "अहो, दवाखानामा चला ना एक डाव."

दादा म्हणायचा, "मिरचीना ठसका शे तो. जाई."

"मिरची गयी विकाई! ठसका कसा नही गया?"

यावर दादा नुसता खोकायचा.

अशात गावात शिबिर आलं. शाळेच्या एका वर्गात छातीचा एक्स-रे काढायचं हातातलं यंत्र, कॅमेऱ्याएवढं. फोटो काढला की तो तारेशिवाय दूरच्या शहरात जातो. तिथे आधी संगणक तो बघतो. त्याला काही खटकलं नाही तर मोबाईलवर तसा निरोप येतो. मग सवडीने एक डॉक्टरही सगळे फोटो नजरेखालून घालते. आमच्याकडे एक्स-रे असं कोणी म्हणत नाही, फोटोच म्हणतात. ग्रामपंचायतीने दवंडीचं काम माझ्याकडे दिलं. मी देवळाच्या भोंग्यावरून गावाला सांगितलं, "बंधू-भगिनींनो, छातीचा फोटो मोफत! घाबरू नका! खोकला लपवू नका! लपवलेला खोकला घरातल्या लेकरांना लागतो!" आवाजात असा कंप आणला की माझं मलाच भरून आलं. फोटो म्हटल्यावर एक काकू नवं लुगडं नेसून, नथ घालून आल्या आणि शाळेच्या दारात कंगवा मागू लागल्या. एकूण शिबिर रंगलं.

दादाला मी आणि वहिनीने मिळून रांगेत आणलं. व्हरांड्यात आमच्या आशाताईने त्याचं नाव लिहून घेतलं, चिठ्ठी दिली. मीही चिठ्ठी घेतली, कारण भोंग्यावर बोलणाऱ्याने स्वतः मागे राहू नये. मी आत जाऊन फोटो काढून आलो. आत एक तंत्रज्ञ ताई होत्या, परगावच्या, आम्हाला कोणाला न ओळखणाऱ्या. सगळ्यांच्या तोंडाला मास्क. मी बाहेर आलो तर दादा रांगेत नाही. शाळेच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ उभा होता.

"चाल, तुन्हा नंबर लागना."

"मी नही येस."

"काबर?"

दादाने आधी इकडेतिकडे बघितलं. मग म्हणाला, "काकाले काय करं व्हतं आपन, ध्यानमा शे ना तुले?"

होतं ध्यानात. आमच्या एका काकांना छातीचा आजार निघाला होता. त्यांची खाट, ताट, तांब्या, सगळं खळ्यात नेऊन ठेवलं होतं. दादा रोज त्यांची भाकर घेऊन जायचा आणि लांबूनच खाली ठेवायचा. काका घरात परत आलेच नाहीत.

"आते तसं नही ऱ्हास रे दादा. गोळ्या शेत, बरं व्हस."

"मन्ही नात मन्हाजवळ झोपस," दादा म्हणाला. "मी गोष्ट सांगस तव्हयच झोपस ती. फोटोमा काही निंघनं तर तिले मन्हाजवळ कोन येऊ दी?"

बोलता बोलता त्याने टोपीने डोळे पुसले. माझा दादा, ज्याने बापाच्या चितेसमोर डोळा ओला केला नाही, तो पाण्याच्या टाकीमागे चिठ्ठी चुरगळत उभा होता. मी काय करायला हवं होतं, ते कालच भोंग्यावरून गावाला सांगून बसलो होतो. त्याचा हात धरायचा आणि आत न्यायचं. एवढंच.

पण मला तिथे भूमिका दिसली.

तशी भूमिका मला आयुष्यात मिळाली नव्हती! मी दादाची चिठ्ठी आणि टोपी घेतली, माझे रंगवलेले केस त्यात कोंबले. त्याचा चष्मा लावला, त्याचा सदरा चढवला. मास्क होताच. खांदे पुढे आणले, पाय जरा फेंगडे टाकले आणि दादाचा खोकला काढला. पहिले दोन कोरडे, मग एक खोल, मग घशात अडकलेला शेवटचा. रांगेतल्या एका म्हाताऱ्याने वाट करून दिली, "जाऊ द्या, जाऊ द्या त्यास्ले पहिले."

आत ताईंनी मला ओळखलं नाही. उलट त्या उठल्या, माझा दंड धरून मला जागेवर आणलं, प्यायला पाणी दिलं. "बाबा, सावकाश. घाई नाही. श्वास घ्या... धरा... धरून ठेवा... सोडा." मी असा हळूहळू सोडला की त्यांना कळवळा आला. "औषध घ्या हं बाबा वेळेवर," त्या म्हणाल्या. मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वादसुद्धा दिला.

बाहेर येऊन मी टोपी परत केली तेव्हा दादा आणि मी शाळेच्या भिंतीला टेकून पोरांसारखे हसलो. दादाला हसता हसता ठसका लागला. तो माझ्या नकलेपेक्षा बराच वेगळा होता. माझा खोकला थांबवला की थांबत होता.

दुसऱ्या दिवशी दोघांच्या मोबाईलवर निरोप आला. छाती साफ.

माझी छाती दोनदा साफ निघाली, याचा आनंद मला व्हायला काय हरकत होती? झाला नाही. कारण खिडकीतून वहिनीचा आवाज आला. ती दादाला म्हणत होती, "मी उगाच तुम्हना मांगे लागनू. मन्हं चुकनं." वहिनी चुकलं म्हणत होती! त्या बाईचा एक शब्दसुद्धा चुकला नव्हता. दादाने तो निरोप पारावर दाखवला, दुकानात दाखवला, पिठाच्या गिरणीत दाखवला. आणि वहिनीने आदल्या रात्री धाकाने वेगळी घातलेली नातीची गोधडी पुन्हा दादाच्या खाटेवर टाकली.

मी खिडकी लावून घेतली. आमच्या घरात ती खिडकी कधी लागत नाही. बायकोने विचारलं, "ताप शे का तुम्हले?"

आता नातीचं सांगायला हवं. चार-पाच वर्षांची, डोळ्यांनी बोलणारी. नकला तिला मी शिकवल्या. कोंबडा शिकवला, मास्तर शिकवले, फटफटी शिकवली. माझ्या पश्चात गावाचा माईक तिच्याकडे जावा अशी माझी इच्छा आहे. एका दुपारी मी ओट्यावर मिरचीची रोपं बघत होतो, ती समोर आली, कमरेवर हात ठेवून वाकली आणि खोकली. दोन कोरडे, एक खोल, शेवटचा घशात अडकलेला.

"वळख, कोन?"

"तुन्हा आबा," मी म्हणालो.

टाळ्या वाजवून ती अंगणात पळाली. मी मनातल्या मनात म्हटलं, पोरगी तयार झाली. मग ती लांब, गोठ्याजवळ, पाठमोरी बसून मातीत काही खणू लागली आणि पुन्हा खोकली. तिथे बघायला कोणी नव्हतं. तिने वळून माझ्याकडे पाहिलंही नाही.

ती नक्कल होती का? तिला खेळ पुढे चालवायचा होता का? की माती नाकात गेली? मी माझ्या धंद्यातला जाणकार माणूस, खरं आणि खोटं खोकणं मला अंधारातही ओळखू येतं अशी माझी घमेंड. मला ओळखू आलं नाही. हातातलं रोप मी मुळासकट चिरडून टाकलं होतं, ते नंतर दिसलं.

त्याच संध्याकाळी मी दादाला गाठलं. म्हटलं, "दादा, तो फोटो तुन्हा नही शे."

"माले म्हाईत नही का?"

"मंग चाल, खरा काढू. नात खोकी ऱ्हायनी रे."

त्याने जे उत्तर दिलं, ते ऐकून मी गार पडलो, कारण ते तो अगदी मनापासून देत होता. "एकच बापना पोरं शेत आपन," तो म्हणाला. "एकच माय. तुन्ही छाती साफ शे तर मन्ही बी साफच ऱ्हाई ना? डाक्टर तेच तर इचारतस, घरमा कोणले शे का!"

मी भांडलो. हात जोडले. त्याने माझ्या वाटीत साय टाकावी तशी माझ्या खांद्यावर थाप टाकली आणि उठून गेला. वहिनीला जाऊन सांगावं, असं मी रोज ठरवायचो. रोज खिडकीपर्यंत जायचो आणि वहिनी भाजीची वाटी पुढे करायची. ती वाटी हातात घेऊन असं काही बोलता येत नाही. खाऊन बघितली, खातासुद्धा येत नाही.

मग आरोग्य केंद्रातून बोलावणं आलं. दोन्ही भावांनी यावं, डॉक्टरांना काही विचारायचं आहे.

वहिनीही निघाली आणि नात तिच्या कडेवर. केंद्रात शिबिरातल्याच त्या ताई होत्या. टेबलावर लॅपटॉप, पडद्याच्या एका कोपऱ्यात दूरच्या शहरातल्या डॉक्टरीणबाई, आणि बाकी पडदाभर दोन छात्या शेजारी शेजारी. एकीवर माझं नाव, दुसरीवर दादाचं. मी माझी छाती पहिल्यांदाच पाहत होतो. खरं सांगतो, देखणी आहे. दोन्ही वेळा.

"काका, घाबरू नका," डॉक्टरीणबाई दादाला म्हणाल्या. "मला एकच शंका आहे. तुम्ही दोघं सख्खे भाऊ ना?"

दादाने मान हलवली.

"तुम्हा दोघांचीही उजवीकडची एकच बरगडी मोडलेली आहे. एकाच जागी. आणि सांधलीही अगदी सारखी वाकडी. आधी मला वाटलं, एकच फोटो दोनदा आलाय. पण या दुसऱ्यात खांदे पुढे झुकलेले आहेत, म्हणजे फोटो वेगळे काढलेत." मग त्या तंत्रज्ञ ताईंकडे वळल्या. "ताई, चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली का तुमच्याकडून? एकाच माणसाला दोनदा घेतलंत का?"

ताईंचा चेहरा पडला. "गर्दी होती मॅडम," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्याकडून चुकलं असेल."

मला पाणी पाजणारी, माझा दंड धरणारी बाई. मी डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिलेली. तिच्या नोकरीवर आता माझी नक्कल बेतली होती. मला तेव्हा खरं बोलता आलं असतं. पण तोंड उघडलं आणि त्यातून सवयीने गोष्ट बाहेर पडली.

"ताईंची काहीच चूक नाही मॅडम!" मी उभा राहिलो. "ही एका दिवसाची, एका दगडाची कथा आहे!" मग मी कापसाची गाडी उभी केली. संध्याकाळ आणली. चाक चाकोरीत घातलं. स्वतःला खाली पाडलं. "आणि मी पडतो आहे हे बघताच, मॅडम, हा माझा दादा, हा, जिवाची पर्वा न करता माझ्यामागे उडी टाकतो! मला वाचवायला! त्याच दगडावर मी, आणि माझ्यावर दादा! दोन भाऊ, एक बरगडी!"

ताईंनी श्वास सोडला. डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावर मऊ हसू आलं. "भावासाठी उडी मारलीत काका? एवढं प्रेम हल्ली दिसत नाही."

वहिनी दादाकडे नव्या नवरीसारखी बघायला लागली. "कधी सांगं नही तुम्ही माले!" नातीने टाळ्या वाजवल्या आणि टाळ्या वाजवता वाजवता खोकली. दादाने तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

पुढचं आधी सांगून मोकळा होतो, कारण शेवटचं वाक्य दादाचं आहे आणि त्यानंतर मला बोलायचं नाही. त्याच दुपारी दादाचा खरा फोटो निघाला. त्यात डाग होता. नातीलाही तपासलं, तिला काही निघालं नाही. तरी खबरदारी म्हणून तिलाही औषध दिलं. दादाच्या गोळ्या झाल्या, खोकला गेला, आणि खाट घरातच राहिली. काही दिवस नात खिडकीच्या अलीकडे माझ्याजवळ झोपली आणि दादाने पलीकडून तिला गोष्टी सांगितल्या. ताईंची मी माफी मागितली. त्यांनी ती दिली की नाही, हे मला नीट कळलं नाही, आणि पुन्हा विचारायचं धाडस झालं नाही. सायीचं म्हणाल, तर ती आता मी दादाच्या वाटीत टाकतो.

पण त्या क्षणी यातलं काही झालेलं नव्हतं. पडद्यावर माझी बरगडी दोनदा चमकत होती, वहिनी कौतुकाने बघत होती, आणि डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, "मग काही हरकत नाही, दोन्ही रिपोर्ट कायम ठेवते." दादा खुर्चीवरून ताडकन उठला आणि केंद्राच्या बाहेरपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला:

"नही मॅडम, खोटं बोली ऱ्हायना तो! मी उडी नही मारी, मीच ढकलेल व्हता त्याले गाडावरतीन! ती बरगडी बी त्यानी शे, अन् दोन्ही फोटो बी त्यानाच शेत!"